उंदीर बिळातून लगेच बाहेर का येत नाही? : वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या प्राणीकथांविषयी

(अंकुशनगर, ता. अंबड, जि. जालना इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समोर शिक्षक आहेत, अंगणवाडीताई आहेत, पालक आहेत. सगळ्यांना आपापली कामं आहेत, म्हणून प्रस्तावना लांबवत नाही. आज बोलायचंय ते प्राण्यांच्या मैत्रीच्या गोष्टींबद्दल. त्यातही सगळ्या गोष्टी नाहीत. पहिली-दुसरीतलं मूल, जे अजून बोट ठेवून अक्षर लावत वाचतं, त्याच्या हातात आपण ज्या गोष्टी देतो, फक्त त्या.

एवढ्याशा पुस्तकांवर व्याख्यान कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल. कादंबरीवर आपण चर्चासत्रं घेतो. सोळा पानांच्या पुस्तकाला मात्र 'छान आहे, चित्रं रंगीत आहेत' एवढं म्हणून बाजूला ठेवतो. पण बघा, माणूस जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या बळावर वाचतो ते हेच पुस्तक. वाचण्यात काही मिळतं की नुसती दमछाक होते, याचा पहिला अनुभव त्याला इथेच येतो. तेव्हा या पुस्तकांना समीक्षा लागू करायलाच हवी, आणि जरा कडक लागू करायला हवी.

आधी एक नमुना ऐका. 'एक होता ससा. एक होता हत्ती. ते मित्र झाले. ते रोज खेळले. त्यांनी केळी खाल्ली. मज्जा आली.' हे कुठल्या एका पुस्तकातलं नाही, आम्हीच जुळवलंय. पण तुमच्यातल्या कित्येकांना हे पुस्तक कपाटात असल्यासारखं वाटलं असेल. सशाच्या जागी मुंगी घाला, हत्तीच्या जागी जिराफ घाला, काही बिघडत नाही. आमचा आक्षेप नेमका हाच आहे. प्राणी बदलले तरी ज्या गोष्टीत काही बिघडत नाही, त्या गोष्टीत प्राणी नाहीतच.

आणि मैत्री तरी कुठाय? तिसऱ्या वाक्यात ते मित्र झाले. का झाले? त्याआधी कोण होते? एकाला दुसऱ्याची भीती वाटली का? काहीच नाही. पहिलीतलं मूल हे वाचायला चार-पाच मिनिटं घेतं. घाम गाळतं. शेवटी आपण विचारतो, 'काय झालं गोष्टीत?' ते आपल्याकडे बघत राहतं. आपण म्हणतो, वाचलं पण समजलं नाही. अहो, समजलं की! समजण्यासारखं काही झालंच नाही, हे त्याला समजलं.

आता जुन्या गोष्टीकडे जाऊ. पंचतंत्राच्या पाच तंत्रांपैकी पहिल्याचं नाव मित्रभेद, दुसऱ्याचं मित्रसंप्राप्ती. मैत्री तुटते कशी आणि मिळते कशी, हे दोन विषय आधी घेतले आहेत. गोष्टी सांगतो कोण? विष्णुशर्मा. सांगतो कुणाला? राजाच्या तीन मुलांना, ज्यांचं अभ्यासात अजिबात लक्ष नाही. म्हणजे शिकण्याचा कंटाळा आलेली मुलं हाच या पुस्तकाचा पहिला श्रोतृवर्ग. मराठी छापील पुस्तकांच्या सुरुवातीलाही हेच प्राणी दिसतात. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या छापखान्यात, म्हणजे बंगालातल्या, १८१५ साली वैजनाथशर्मांचा मराठी हितोपदेश छापला गेला. मुंबईत १८२२ साली पंचोपाख्यान निघालं. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या नीतिकथा मराठीत आणल्या. तेव्हा प्राणीकथा हा आपल्याकडे बालवाङ्मयाचा एखादा कोपरा नाही. मराठी माणूस छापील अक्षर वाचायला शिकला तोच कावळे, उंदीर, कोल्हे यांच्या सोबतीनं.

मित्रसंप्राप्तीची मूळ गोष्ट आठवा. लघुपतनक नावाचा कावळा एक प्रसंग बघतो. पारध्याच्या जाळ्यात अडकलेली कबुतरं जाळ्यासकट उडतात आणि हिरण्यक उंदराकडे येतात. उंदीर जाळं कुरतडायला लागतो, तर कबुतरांचा राजा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांना सोडव, मग मला. कावळ्याला हे फार आवडतं. तो बिळापाशी जाऊन म्हणतो, मला तुझ्याशी मैत्री करायचीय.

आणि उंदीर नाही म्हणतो.

आतूनच नाही म्हणतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. तू खाणारा, मी तुझं खाणं, आपली मैत्री कशी जमेल? कावळा समजावतो. उंदीर दुसरा मुद्दा काढतो. कावळा म्हणतो, मैत्री केली नाहीस तर तुझ्या दारात उपाशी बसून जीव देईन. बराच वाद होतो. मग हळूहळू उंदीर बोलायला लागतो, आणि विश्वास बसायला वेळ लागतो. ही गोष्ट शेकडो वर्षं टिकली. या संग्रहाचं सहाव्या शतकात पहलवीत भाषांतर झालं, आठव्या शतकात अरबीत झालं. ती टिकली, कारण 'हे मित्र होतील का?' हा प्रश्न तिथे खरा आहे. उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं.

आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. मैत्रीच्या गोष्टीत आधी नकाराला जागा हवी. ज्याला 'नको' म्हणायला कारण आहे, त्याच्याच 'हो'ला किंमत येते. वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी लिहिताना आपण शब्द सोपे करतो, ते बरोबरच आहे. पण शब्द सोपे करता करता तो नकारही काढून टाकतो, आणि तिथे चुकतो.

कुणी म्हणेल, संस्कृतातलं जाऊ द्या, ते राजपुत्रांसाठी होतं. बरं. मग आपल्या घरातली चिऊ-काऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊच्या दारात येतो. चिऊ दार उघडते का? नाही. ती बाळाचं काहीतरी करत असते. आधी एक कारण, मग दुसरं, मग तिसरं. काऊ बाहेर भिजतोय. ही महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक मुलानं ऐकलेली गोष्ट, आणि तिचा गाभा काय, तर दार न उघडणं. मुलांना सगळ्यात जास्त काय आवडतं, ते आठवून बघा. शेवट कुणाला धड आठवत नाही. कुठे काऊ तव्यावर बसून भाजतो, कुठे तो घरात शिरून खाऊ फस्त करतो. आवडतं ते मधलं. काऊ पुन्हा विचारतो आणि चिऊ पुन्हा काहीतरी सांगते, तो भाग.

हल्ली आम्ही या गोष्टीच्या दुरुस्त्या ऐकतो. चिऊ लगेच दार उघडते, काऊला टॉवेल देते, दोघं गरम दूध पितात. हेतू चांगला आहे, मुलांना दयाळूपणा शिकवायचा. पण दार लगेच उघडलं की गोष्ट दारातच संपते. आणि दया तरी कुठून शिकणार? काऊ बाहेर भिजत असताना मुलाच्या मनात 'उघड ना गं!' असं जे येतं, तीच दया आहे. ती पुस्तकात लिहिलेली नाही, ती मुलात तयार होते. चिऊनं लगेच दार उघडलं तर मुलाला काही करायलाच उरत नाही.

शिवाय वाचन शिकवण्याच्या दृष्टीनंही बघा. तोच प्रश्न पुन्हा, तेच उत्तर थोडं बदलून पुन्हा. नव्या वाचकाला दुसऱ्या फेरीत निम्मे शब्द ओळखीचे झालेले असतात, म्हणून तो भराभर वाचतो आणि नव्या शब्दापाशी थांबतो. वाचनाचे तज्ज्ञ पुनरावृत्ती हवी म्हणतात ती हीच. आपल्या आज्यांनी ती नकारातून काढली होती.

आता कारागिरीकडे येऊ, कारण लेखकांची खरी अडचण तिथे आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला आदर आहे. मराठी वाचायला शिकताना मूल आधी बिनकाना-मात्रेचे शब्द वाचतं. मग काना, वेलांटी, उकार, मात्रा. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. आता प्राण्यांची नावं या चाळणीतून काढा. बिनकाना-मात्रेचे किती? बदक, मगर, हरण. काना आला की ससा, माकड, गाढव, कासव, कावळा. मग उंदीर, मुंगी, शेळी, बैल. हत्ती आणि कुत्रा जोडाक्षरात अडकले. गंमत म्हणजे 'मित्र' हा शब्दच जोडाक्षराचा. मैत्री, दोस्त, तेही तसेच. ज्या मुलासाठी मैत्रीची गोष्ट लिहायची, त्याला 'मित्र' हा शब्दच वाचता येत नाही!

लेखक इथे वैतागतात, ते साहजिक आहे. आम्हाला मात्र ही अडचण उपकारक वाटते. 'ते मित्र झाले' असं लिहिता येत नसेल, तर ते कसे झाले हे दाखवावं लागेल. मराठीत सोबती आहे, सवंगडी आहे, जोडीदार आहे, गडी आहे. एकातही जोडाक्षर नाही, आणि हे शब्द इथल्या मुलांच्या रोजच्या तोंडात आहेत.

पण शब्द कमी आहेत म्हणून गोष्टही किरकोळच होणार, हे आम्हाला मान्य नाही. नुसत्या बिनकाना-मात्रेच्या शब्दांत बघा: 'मगर जवळ. बदक गप. मगर पण गप.' सात शब्द. पुढे काय होणार, हे तुम्हालाही विचारावंसं वाटतंय ना? आता त्याच अक्षरांत आपली जुनी सवय बघा. कमल, नमन कर. अमर, घर बघ. हे वाचून कुणाला पुढचं पान उलटावंसं वाटेल? मात्रा दोन्हीकडे नाहीत. एका ठिकाणी धोका आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

कावळा आणि उंदराची गोष्ट एकही जोडाक्षर न वापरता सांगता येईल का, हे आम्ही करून बघितलं. ते असं झालं:

'कावळा आला. बिळापाशी बसला.
"उंदीरदादा, बाहेर ये."
"नाही येत."
"का?"
"तू कावळा. मी उंदीर. तू मला खाशील."
"नाही खाणार."
"आज पोट भरलं असेल. भूक लागली की?"
कावळा गप झाला. अंधार पडला. उंदरानं डोकावून पाहिलं. कावळा तिथेच होता.'

हे काही थोर लेखन नाही. तुमच्यातला कुणीही यापेक्षा चांगलं करेल. मुद्दा एवढाच की पंचतंत्रातला सगळा वाद 'आज पोट भरलं असेल, भूक लागली की?' या सात शब्दांत मावतो, आणि ते सातही शब्द पहिलीच्या शेवटी वाचता येतात. सोपेपणाच्या नावाखाली तो वाद काढून टाकायची गरज नव्हती.

मग तो काढला का जातो? आम्हाला दोन कारणं दिसतात. एक, आपण पुस्तकाची पातळी शब्द मोजून ठरवतो. प्रथम बुक्सचा स्टोरीवीव्हर २०१५ साली सुरू झाला. मराठीसकट कितीतरी भाषांत हजारो गोष्टी फुकट वाचायला मिळाल्या, हे फार मोठं काम आहे. तिथे पहिल्या पातळीला अडीचशेपर्यंत शब्द, दुसऱ्या पातळीला सहाशेपर्यंत, असे टप्पे आहेत. शिक्षकाला ते उपयोगी पडतात. पण या टप्प्यांनी वाक्याची लांबी कळते, गोष्टीत काही पणाला लागलंय की नाही ते कळत नाही. ते बघायचं काम आपलं आहे, आणि ते आपण मोजपट्टीवर सोपवून मोकळे होतो.

दुसरं कारण, आपल्याला मुलांची काळजी वाटते. भीती नको, भांडण नको, मरण नको. ही काळजी खोटी नाही. तिच्याबद्दल बोलायचं तर अंकुशनगरबद्दलच बोलावं लागेल.

हे गाव समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेलं. हंगाम सुरू झाला की काय होतं, ते आम्ही तुम्हाला सांगायला नको. टोळ्या येतात, कोप्या उभ्या राहतात. ट्रॅक्टर आले, हार्वेस्टर आले, तरी टायरगाडी ओढणारी बैलजोडी गेलेली नाही. आपल्या जिल्ह्यातलीही कितीतरी कुटुंबं उचल घेऊन बाहेर तोडीला जातात. या कुटुंबांत पहिली-दुसरीची मुलं असतात. पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि मुलांना जवळच्या शाळेत घालण्यावर किंवा गावातच हंगामी वसतिगृहात ठेवण्यावर भर आला. कागदावर सोय झाली. पण ऐन अक्षरं जुळू लागतात त्या वर्षी चार-पाच महिने शाळा बदलते किंवा सुटते, हे अजूनही घडतं. 'असर'च्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या साधारण २७ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. यात मध्येच शाळा सुटलेल्या मुलाची जागा कुठे असेल, याचा विचार करा. पट्टा पडल्यावर परत आलेलं मूल पुस्तकाकडे पुन्हा वळायला हवं असेल, तर त्या पुस्तकात वळण्यासारखं काहीतरी हवं. केळी खाणारा ससा त्याला परत आणणार नाही.

या मुलाला भीती माहीत नाही, असं समजून आपण लिहितो. त्याला प्राणी माहीत नाहीत, असंही समजतो. म्हणून जिराफ आणतो. या मुलानं वाढ्यांची पेंढी बैलापुढे टाकलीय. बैलाच्या खांद्याला जूचा घट्टा कसा पडतो, ते पाहिलंय. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदामळणी होते, हेही त्याला माहीत आहे, आणि पुढच्या बाजाराला तोच बैल विकला जाऊ शकतो, हेही. माणूस आणि जनावर यांच्या सोबतीबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आणि बैल मात्र वाचायला शिकण्याच्या पुस्तकांत बहुधा 'ब बैलाचा' या एका चौकटीत उभा असतो. तिथून तो गोष्टीत येतच नाही.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली होती. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. मुलाजवळचं जनावर हा शिक्षणातला अडथळा न मानता तिथूनच सुरुवात करायची, हा त्यातला विचार. आपली पुस्तकं अजून त्या कुरणापर्यंत पोचलेली नाहीत.

पंचतंत्र मात्र पोचलं होतं. मित्रभेदाची सुरुवात कशी आहे? वर्धमानक नावाचा व्यापारी मथुरेकडे निघालाय. गाडीला दोन बैल, संजीवक आणि नंदक. यमुनेकाठच्या चिखलात संजीवकाचा पाय मोडतो. व्यापारी काही दिवस थांबतो, मग राखणीला माणसं ठेवून पुढे जातो. ती माणसं जंगलाला घाबरून बैलाला सोडून येतात आणि मालकाला थाप मारतात की बैल मेला, आम्ही त्याचे अंत्यसंस्कारही केले. इकडे संजीवक कोवळं गवत खाऊन बरा होतो आणि डुरकतो. ती डुरकणी ऐकून जंगलाचा राजा पिंगलक सिंह पाणी न पिताच मागे फिरतो. त्यानं असला आवाज कधी ऐकलेलाच नाही.

आम्ही पाहिलेल्या मुलांसाठीच्या बहुतेक संक्षेपांत हा सगळा भाग गळलेला आहे. तिथे 'एका जंगलात सिंह आणि बैल मित्र होते' अशीच सुरुवात. पुन्हा तेच, पहिल्याच वाक्यात मित्र. बैल जंगलात आला कुठून, हे विचारायची सोयच नाही.

गेल्या हंगामात ही सुरुवात आम्ही काही मुलांना वाचून दाखवली. सिंह बैलाच्या आवाजाला घाबरतो, इथे मुलं खो खो हसली. कारण सिंहाला जे माहीत नव्हतं ते त्यांना माहीत होतं. वाचताना आपल्याला काही येतं, हा अनुभव या मुलांना फार क्वचित मिळतो. मग आम्ही पुढे सरकणार, तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, 'अन् जोडीच्या बैलाचं काय झालं?'

आम्ही गप्प. हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नव्हता. घरी येऊन पुन्हा पाहिलं. हितोपदेशात एवढंच येतं की व्यापाऱ्यानं पुढच्या गावातून दुसरा धिप्पाड बैल आणला, गाडीला जुंपला आणि तो चालता झाला. नंदकाबद्दल काही नाही. बरोबरीनं जू ओढणारा सोबती मागे चिखलात राहिला आणि शेजारी अनोळखी बैल आला, त्याला काय वाटलं, हे विचारायला मूल बैलांच्या घरातलंच लागतं.

आता आक्षेप घेऊ. पहिला म्हणजे मित्रभेदात शेवटी दमनक कोल्हा दोघांत विष कालवतो आणि सिंह बैलाला मारतो. हे सहा वर्षांच्या मुलाला वाचायला द्यायचं? आमचं मत, नाही दिलं तरी चालेल. बैल आणि सिंह भेटतात तिथपर्यंतचीच गोष्ट द्या, आणि पुढची मोठी झाल्यावर वाच म्हणून सांगा. अर्धी गोष्ट देणं यात लबाडी नाही. शेवट बदलून 'मग त्यांची गट्टी झाली आणि सगळे आनंदानं राहू लागले' असं छापणं ही लबाडी आहे. दहाव्या वर्षी मुलाला खरी गोष्ट सापडते आणि आपण फसवलो गेलो हे कळतं.

दुसरा आक्षेप जास्त चांगला आहे. प्रत्येक गोष्टीत कुणी कुणाला खाणारच का? शांत, घरगुती मैत्री नसते का? असते. उदाहरण अमेरिकेतलं देतो. आर्नल्ड लोबेल यांनी १९७० साली बेडूक आणि भेक या दोन मित्रांच्या गोष्टींचं पहिलं पुस्तक काढलं, तेही नेमकं वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी. छोटी वाक्यं, सोपे शब्द. त्यात एक गोष्ट आहे. भेकाला कधीच कुणाचं पत्र येत नाही, म्हणून पत्र यायच्या वेळी तो रोज उदास होतो. बेडूक घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि ते पोचवायला देतो कुणाकडे, तर गोगलगाईकडे! पत्र पोचायला चार दिवस लागतात. पत्रात काय आहे हे बेडूक आधीच सांगून टाकतो, आणि दोघं पायरीवर बसून वाट बघतात. इथे कुणी कुणाला खात नाही. पण उणीव खरी आहे. न आलेलं पत्र मुलाला पुरेसं मोठं वाटतं. तेव्हा आमची मागणी रक्ताची नाही, काहीतरी अडलेलं असण्याची आहे. अडलेलं नसेल तर मित्राची गरज कुणाला?

मराठीतही असं लेखन करणारे आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या लहान मुलांच्या पुस्तकांत घरातलं एखादं साधं अडणं किती नीट धरलेलं असतं, ते शिक्षकांनी बघावं. ती पुस्तकं प्रामुख्यानं माणसांची आहेत. प्राण्यांच्या बाबतीत तेवढीच काळजी आपल्याला अजून घ्यायचीय.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा. निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं उद्दिष्ट आहे. तपासणीला माणसं येतात, मिनिटाला किती शब्द ते मोजतात. आम्ही गोष्टीचा नकार शोधत बसायचं का? या अडचणीची चेष्टा आम्ही करणार नाही. पण उद्दिष्टात 'समजून' हा शब्द आहे, तो धरून ठेवा. ज्यात समजण्यासारखं आहे तेच समजून वाचता येतं. आणि ज्या पानावर 'कावळा तिथेच होता' असं असतं, तिथे मूल पुढचं पान आपणहून उलटतं. वेग त्यातूनही वाढतो.

शेवटाकडे येतो. शाळेसाठी पुस्तकं निवडताना तीन प्रश्न विचारून बघा. या गोष्टीत 'नको' म्हणायला कुणाला काही कारण आहे का? प्राण्यांची नावं बदलली तर गोष्ट बदलते का? आणि आपल्या मुलांना ठाऊक असलेलं, पण आपल्याला ठाऊक नसलेलं असं काही या पुस्तकात आहे का? तिन्हींची उत्तरं 'नाही' आली तर पुस्तक कितीही गुळगुळीत कागदावर असलं तरी परत ठेवा. एकाचं जरी 'हो' आलं, तर घ्या. आम्हीही सगळ्या कसोट्यांना उतरणारी पुस्तकं फार पाहिलेली नाहीत.

आणि एक काम राहिलंय, ते आमच्याकडून होण्यातलं नाही, कारण आम्ही जू ओढणारा बैल फक्त रस्त्यावरून पाहिलाय. नंदकाची गोष्ट. दीड-दोनशे शब्द, जोडाक्षरं नकोत. नव्या बैलाशी त्याचं पहिल्या दिवशी जमतं का, तो उजव्या बाजूची सवय सोडतो का, पाणी दाखवल्यावर आधी कोण पितो, हे सगळं इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरात माहीत आहे. लिहिता येत नसेल तर सांगा, शिक्षक लिहून घेतील. त्या मुलीचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि पुढच्या हंगामात ती परत आली तर तिला काहीतरी वाचायला द्यावं लागेल.